सामाईक विहिरीचे वाटेकरी

१८ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतून एक वार्ता निघाली आणि त्याच दिवशी जगभर पोहोचली. एन्व्हिडिया ही कंपनी इंटेल या कंपनीचे पाच अब्ज डॉलरचे समभाग विकत घेणार होती. दोघींची मुख्यालये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या एकाच शहरात. दोघींचा धंदाही एकच, संगणकाच्या चिपचा. एकमेकींचे गिऱ्हाईक ओढण्यात दोघींची कित्येक वर्षे गेलेली आणि न्यायालयाची पायरीही चढून झालेली. जन्माचे वैर असलेल्या दोन घरांतून अचानक सोयरिकीची बोलणी सुरू व्हावीत, तसे ते वृत्त ऐकणाऱ्यांना वाटले.

अशा वार्ता वर्तमानपत्रांत अर्थकारणाच्या पानावर येतात आणि आपण बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातो. आम्हांला मात्र ही वार्ता इतिहासाच्या पानावर ठेवून वाचावीशी वाटते. या धंद्यात प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याला हात देण्याची ही काही पहिली वेळ नाही. गेल्या पन्नास वर्षांत असे हात अनेकदा पुढे आले. त्यांतले काही टिकले, काही झिडकारले गेले, तर काहींचा निकाल न्यायाधीशांना लावावा लागला. ते कोणत्या घडीला पुढे आले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे या नव्या सोयरिकीकडे कोणत्या नजरेने पाहावे याचा थोडा अंदाज येतो. हा प्रश्न केवळ दोन धनाढ्य कंपन्यांचा नाही. शाळेतल्या संगणकापासून बँकेच्या खिडकीपर्यंत आणि इस्पितळातल्या तपासणी-यंत्रापर्यंत आपले सारे व्यवहार ज्या वस्तूवर चालतात, ती वस्तू घडवणारी घरे जगात किती राहणार, एक की अनेक, असा तो प्रश्न आहे.

एकाच घरातून वेगळे निघालेले

चिप म्हणजे सिलिकॉन या मूलद्रव्याचा नखाएवढा तुकडा. सिलिकॉन वाळूत विपुल आहे. त्याला मोल येते ते त्याच्यावर कोरलेल्या सूक्ष्म नक्षीमुळे. या नक्षीत विजेची असंख्य इवली बटणे असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. वीज पुढे जाऊ द्यायची की अडवायची, एवढेच काम प्रत्येक ट्रान्झिस्टर करतो. परंतु असे कोट्यवधी एकत्र आले म्हणजे गणित सुटते, अक्षर उमटते आणि चित्र हलू लागते.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. त्या कार्यासाठी विल्यम शॉकली यांना दोघा सहकाऱ्यांसह १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शॉकली यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढून बुद्धिमान तरुण गोळा केले. मात्र त्यांच्या संशयी वागण्याला विटून १९५७ मध्ये त्यांतील आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभारली. या आठांत रॉबर्ट नॉइस होते. ते आयोवा राज्यातील एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. गॉर्डन मूर हेही त्यांच्यासोबत होते.

पुढे फेअरचाइल्डमधूनही माणसे फुटू लागली. जुलै १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल स्थापन केली. हंगेरीतून निर्वासित होऊन आलेले अँड्र्यू ग्रोव्ह त्यांना प्रारंभापासून मिळाले. मे १९६९ मध्ये फेअरचाइल्डच्या विक्री विभागातील जेरी सँडर्स सात सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजे ए.एम.डी., ही कंपनी काढली. पुढे कित्येक दशके एकमेकींशी भांडलेल्या या दोन कंपन्या अशा एकाच घरातून दहा महिन्यांच्या आत वेगळ्या झालेल्या होत्या.

आपल्याकडे भावाभावांत वाडी वाटली जाते, घराच्या मधोमध भिंत येते, पण विहीर बहुधा सामाईकच राहते. दोन भावांचे बोलणे बंद असते, तरी पाणी दोघेही त्याच विहिरीचे भरतात. विहीर बुजवली तर दोघांच्याही वाड्या सुकतील, हे दोघांनाही ठाऊक असते. चिपच्या धंद्यात ही विहीर ज्ञानाची होती. एकाच्या पेटंटवाचून दुसऱ्याचे पान हलत नसे. म्हणून १९७६ साली इंटेल आणि ए.एम.डी. यांनी परस्परांची पेटंटे वापरण्याचा करार केला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज त्या करारात आहे.

गिऱ्हाइकाची अट

१९७१ मध्ये इंटेलने संगणकाचा सारा मेंदू एकाच चिपवर बसवून ती बाजारात आणली. ४००४ या क्रमांकाच्या त्या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ मध्ये ८०८६ ही चिप आली आणि तिच्यापाठोपाठ तिची स्वस्त बहीण ८०८८. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संगणक-कंपनीने घरी व कचेरीत वापरण्याजोगा आपला छोटा संगणक जाहीर केला. त्याच्या पोटात इंटेलची ८०८८ होती.

इंटेलला हे गिऱ्हाईक मिळाले ते एका अटीवर. महत्त्वाचा कोणताही भाग आय.बी.एम. एकाच कारखान्यावर विसंबून घेत नसे. आज त्या कारखान्याला आग लागली, संप झाला किंवा मालकाने दर दुप्पट केला, तर काय करायचे? म्हणून तीच वस्तू बनवणारे दुसरे घर हवेच, असा तिचा दंडक होता. गावात एकच वाणी असला म्हणजे तो सांगेल तो भाव आणि देईल ते माप. दुसरे दुकान उघडले की पहिल्याचा तराजूही सरळ होतो. आय.बी.एम.ने हेच व्यवहारज्ञान वापरले.

त्या अटीपोटी १९८२ च्या आरंभी इंटेलने ए.एम.डी.शी दहा वर्षांचा करार केला. ए.एम.डी.ने इंटेलच्या रचनेबरहुकूम चिपा घडवाव्यात, बदल्यात आपली काही संशोधने इंटेलला द्यावीत, असे ठरले. आपल्या हातची विद्या प्रतिस्पर्ध्याला शिकवण्याची ही पाळी इंटेलवर प्रेमापोटी आली नव्हती. तिसऱ्याच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, दडपणाखाली ती आली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक हात पुढे आला. जपानी कंपन्या स्मरण-चिपा स्वस्तात विकू लागल्याने इंटेलची छाती दडपली होती. आपल्याला चिपा पुरवणारे घरच कोसळले तर आपले काय, या चिंतेने आय.बी.एम.ने २५ कोटी डॉलर देऊन इंटेलचे सुमारे १२ टक्के समभाग घेतले. हा वाटा पुढे २० टक्क्यांच्या जवळ गेला. आय.बी.एम. स्वतःही आपल्या यंत्रांसाठी चिपा बनवीत असे, तरीही तिने हे केले. अडचणीतल्या घराला भांडवल द्यायचे आणि त्यातून आपला पुरवठा सुरक्षित राखायचा, ही २०२५ मधली युक्ती अशी चार दशके जुनी आहे. तिचा शेवटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंटेल सावरली, आय.बी.एम.ची निकड संपली आणि १९८७ पर्यंत तिने ते सर्व समभाग विकून टाकले.

करार आणि कज्जा

१९८५ साली इंटेलने दोन निर्णय घेतले. ज्या स्मरण-चिपांवर कंपनी उभी राहिली होती, त्यांतून तिने अंग काढून घेतले आणि संगणकाच्या मेंदूवर, म्हणजे मायक्रोप्रोसेसरवर, सारा भर दिला. त्याच वर्षी तिने ३८६ ही नवी चिप आणली आणि तिची रचना ए.एम.डी.ला देण्याचे नाकारले. तोवर इंटेलच्या चिपवर चालणारे संगणक घरोघरी पसरले होते, त्यामुळे दुसऱ्या घराची अट घालण्याचे बळ कोणत्याही एका गिऱ्हाइकात उरले नव्हते. दडपण संपले आणि त्यासोबत करारातला जीवही गेला.

१९८७ मध्ये ए.एम.डी.ने लवादाकडे धाव घेतली. १९९१ मध्ये तिने स्वतःच्या बळावर ३८६ ची जोड चिप बाजारात आणली. १९९२ मध्ये लवादाने ए.एम.डी.च्या बाजूने कौल देऊन भरपाई आणि ३८६ संबंधीचे हक्क दिले. इंटेलने वरचे न्यायालय गाठले. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निर्णय उचलून धरला. १९९५ च्या प्रारंभी दोघींनी देणी-घेणी चुकती करून तडजोड केली. दहा वर्षांच्या करारावर आठ वर्षे कज्जा चालला, असा हा हिशेब.

तरी या कज्ज्याच्या ऐन भरात हेच दोन वैरी दुसऱ्या एका ठिकाणी एका टेबलाभोवती बसत होते. जपानी कारखान्यांपुढे अमेरिकेचा चिपधंदा बुडेल, या भीतीने १९८७ मध्ये चौदा अमेरिकी कंपन्यांनी सेमाटेक नावाची संयुक्त संशोधन-संस्था काढली. तिचे काम टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे चाले. सरकार वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर देई आणि तितकाच भार कंपन्या उचलत. इंटेल आणि ए.एम.डी. या दोघीही तिच्या सभासद होत्या. १९८८ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी साठी गाठलेली असताना निवृत्तीचे सुख सोडून तिचे प्रमुखपद स्वीकारले आणि १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच पदावर राहिले. चिप कशी विकायची यावर भांडण असू शकते. ती घडवणारी यंत्रे आपल्या देशात टिकली पाहिजेत यावर भांडण नको, असा तो व्यवहार होता.

भिंतीपलीकडे गेलेली माणसे

कंपन्यांच्या भांडणात माणसे मात्र भिंत ओलांडून ये-जा करीत राहिली. त्यांपैकी एकाशी आपले थोडे नाते आहे. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण दिल्लीत झाले आणि १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये रुजू झाले. १९९३ मध्ये इंटेलने आणलेल्या पेंटियम या चिपच्या उभारणीत त्यांचा वाटा एवढा मोठा होता की लोक त्यांना पेंटियमचे जनक म्हणू लागले. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. ती कंपनी लवकरच ए.एम.डी.ने विकत घेतली. नेक्सजेनच्या रचनेतून घडलेली के-६ ही चिप १९९७ मध्ये पेंटियमसमोर उभी राहिली. इंटेलच्या चिपचे जनक म्हणून गाजलेला माणूस दोन-तीन वर्षांत तिच्या प्रतिस्पर्धी चिपच्या कामात होता!

पुढच्या दशकात विहिरीचे पाणी उलट दिशेने वाहिले. ८०८६ पासून या चिपांना समजणाऱ्या आज्ञांची एक भाषा चालत आली होती. तिला एक्स-८६ म्हणतात. ही भाषा इंटेलची; ए.एम.डी. ती परवान्यावर वापरी. मोठ्या संगणकांसाठी या भाषेचा विस्तार करण्याची वेळ आली, तेव्हा इंटेलने जुनी भाषा बाजूला ठेवून इटॅनियम नावाची वेगळी वाट धरली. ए.एम.डी.ने मात्र जुन्या भाषेतच भर घातली आणि २००३ मध्ये तशी चिप बाजारात आणली. लोकांना ती भावली, कारण त्यांचे जुने काम तिच्यावर तसेच चालत होते. २००४ मध्ये इंटेलला ए.एम.डी.चा तो विस्तार स्वीकारावा लागला. तेव्हापासून इंटेलच्या हक्कावाचून ए.एम.डी.ला ही चिप करता येत नाही आणि ए.एम.डी.च्या हक्कावाचून इंटेललाही करता येत नाही. मोठ्या भावाने खणलेली विहीर धाकट्याने खोल केली होती.

कज्जे तरीही थांबले नाहीत. इंटेल संगणक-कंपन्यांवर दडपण आणून आपल्याला बाजारात शिरू देत नाही, अशी ए.एम.डी.ची तक्रार होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने तिला सव्वा अब्ज डॉलर देऊन तो वाद मिटवला आणि पेटंटांचा करार नव्याने झाला. २०१८ मध्ये तर इंटेलने ए.एम.डी.ची चित्र-चिप आपल्या प्रोसेसरशेजारी एकाच वेष्टनात बसवून विकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघींनी मिळून एक्स-८६ भाषेच्या जपणुकीसाठी एक सल्लागार मंडळ नेमले. त्या वेळी दडपण होते ते बाहेरून आलेल्या दुसऱ्या एका भाषेचे. ती आर्म या ब्रिटिश कंपनीची भाषा, जिच्यावर आपले बहुतेक मोबाईल चालतात.

वाटणीत नसलेला शेजारी

आता एन्व्हिडियाकडे वळू. १९६३ साली तैवानात जन्मलेले जेन्सन हुआंग लहानपणी अमेरिकेत आले. विद्यार्थिदशेत त्यांनी डेनीज नावाच्या उपाहारगृहात बशा धुतल्या आणि शिक्षण झाल्यावर काही काळ ए.एम.डी.तच चिपांची रचना केली. १९९३ मध्ये ते आणि त्यांचे दोन मित्र, ख्रिस मॅलाकाउस्की व कर्टिस प्रीम, सॅन होझे येथील डेनीजच्याच एका शाखेत बसून नव्या कंपनीचे बेत आखत. संगणकावरील खेळांची चित्रे जिवंत भासावीत अशी चिप त्यांना करायची होती. चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे रंगवावा लागतो, म्हणून त्यांच्या चिपेत हजारो लहान गणिते एकाच वेळी करण्याची सोय असे. इंटेलचा प्रोसेसर एखाद्या विद्वान हिशेबनिसासारखा होता. एन्व्हिडियाची चिप शेकडो मुलांनी एकदम पाढे म्हणावेत तशी.

काही काळ दोघींचे बरे चालले. २००४ मध्ये त्यांनी पेटंटांचा करार केला, त्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरला जोडणाऱ्या चिपा एन्व्हिडिया करू लागली. २००९ मध्ये इंटेलने न्यायालयात दावा लावला की आपल्या नव्या प्रोसेसरांना तो करार लागू नाही. एन्व्हिडियाने उलट दावा केला. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली. इंटेलने हप्त्याहप्त्याने दीड अब्ज डॉलर द्यायचे ठरले. एक गोष्ट मात्र तिने हातची सोडली नाही. एक्स-८६ भाषेत चिपा करण्याचा हक्क एन्व्हिडियाला मिळणार नाही, हे त्या तडजोडीतून स्पष्ट झाले. भरपाई दिली, पण विहिरीत वाटा दिला नाही.

त्यानंतर दैव फिरले. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी एन्व्हिडियाच्या दोन साध्या चित्र-चिपा वापरून यंत्राला छायाचित्रे ओळखायला शिकवले आणि त्या विषयातील स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. एकदम पाढे म्हणणारी ती मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यावर या चिपांसाठी झुंबड उडाली. एन्व्हिडियाला अजूनही एक्स-८६ चा हक्क नव्हता. तिने आर्मच्या भाषेत स्वतःचा प्रोसेसर केला. २०२० मध्ये तर तिने आर्म कंपनीच ४० अब्ज डॉलरना घेऊ केली होती. पण अनेक देशांच्या नियामकांनी हरकत घेतल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बेत सोडावा लागला.

पैसा दिला आणि काम राहिले

इंटेलची घसरण मात्र प्रतिस्पर्ध्यामुळेच झाली असे म्हणता येत नाही. येथे २०१२ ची एक गोष्ट सांगावी लागेल. नेदरलँड्समधील फेल्डहोवन या गावी ए.एस.एम.एल. नावाची कंपनी आहे. चिपेवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवण्यासाठी ती एका नव्या प्रकारच्या किरणांचे यंत्र तयार करीत होती. ते एवढे खर्चिक होते की एकट्याने झेपणारे नव्हते. तेव्हा इंटेल, तैवानची टी.एस.एम.सी. आणि दक्षिण कोरियाची सॅमसंग या तीन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी त्या एकाच कंपनीत भांडवल घातले. इंटेलने १५ टक्के, टी.एस.एम.सी.ने ५ टक्के आणि सॅमसंगने ३ टक्के वाटा घेतला. शिवाय संशोधनासाठी तिघींनी मिळून १.३८ अब्ज युरो देऊ केले.

यंत्र तयार झाले. सॅमसंगने २०१८ मध्ये आणि टी.एस.एम.सी.ने २०१९ मध्ये त्यावर चिपा घडवून विकायला आरंभ केला. सर्वांत अधिक पैसा घालणाऱ्या इंटेलने मात्र जुन्या यंत्रांवरच विसंबून राहण्याचे ठरवले. तिची आधीचीच एक पायरी चार वर्षे रखडली आणि नव्या किरणांवर तिचे मोठे उत्पादन सुरू व्हायला २०२३ उजाडले. भांडवल आणि मेहनत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शेतीवाडी करणाऱ्याला सांगावे लागत नाही. पंप बसवायला पैसे दिले म्हणून बाग शिंपली जात नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने सुमारे १५,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्या आकड्यामागे तितकीच घरे होती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स या मानाच्या यादीतून इंटेलचे नाव निघाले आणि तिच्या जागी आले ते एन्व्हिडियाचेच. त्या वर्षीचा इंटेलचा तोटा १८ अब्ज डॉलरच्या वर गेला.

पाच अब्जांचा करार

मार्च २०२५ मध्ये लिप-बू टान यांनी इंटेलची सूत्रे घेतली. ऑगस्टमध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने दोन अब्ज डॉलर गुंतवण्याचे ठरवले. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने ८.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात इंटेलचा सुमारे दहा टक्के वाटा घेतला. त्यामागे एक राष्ट्रीय चिंता होती. जगातील सर्वांत प्रगत चिपांपैकी बहुतेक, एन्व्हिडियाच्यासुद्धा, तैवान बेटावर टी.एस.एम.सी.च्या कारखान्यांत घडतात. त्या बेटावर चीन आपला हक्क सांगतो. तिथे भूकंप किंवा युद्ध झाले तर सगळ्या जगाचे काम अडेल. अमेरिकी मालकीचे आणि अशा चिपा स्वतः घडवू शकणारे मोठे घर म्हणजे इंटेल. ते घर कोसळू देणे परवडणारे नव्हते.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबरात एन्व्हिडियाचा करार आला. दर समभागाला २३.२८ डॉलर या भावाने पाच अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे २१ कोटी ४७ लाख समभाग. जोडीला कामाचा करार झाला. इंटेलने एन्व्हिडियाच्या मोठ्या यंत्रांसाठी खास एक्स-८६ प्रोसेसर घडवायचे, आणि घरगुती संगणकांसाठी अशा चिपा करायच्या की ज्यांत इंटेलच्या प्रोसेसरशेजारी एन्व्हिडियाचे चित्र-गणित बसवलेले असेल. वार्ता फुटताच इंटेलचा समभाग एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक वधारला. अमेरिकी नियामकांनी संमती दिल्यावर डिसेंबर २०२५ अखेर खरेदी पुरी झाली.

आता हा करार आपण आधी पाहिलेल्या इतिहासाशेजारी ठेवून वाचू. २०११ मध्ये एन्व्हिडियाला नाकारलेले पाणी २०२५ मध्ये तिला मिळाले. पण विहिरीतला वाटा आजही तिला मिळालेला नाही. पोहरा इंटेलच्याच हाती आहे. पाणी शेंदून ती देणार, एन्व्हिडिया घेणार. उलटपक्षी, इंटेलला ज्याची सर्वांत अधिक निकड होती, ते आश्वासन त्या घोषणेत नव्हते. एन्व्हिडियाने आपल्या मुख्य चिपा इंटेलच्या कारखान्यात घडवून घेण्याचे मान्य केले नाही. त्या टी.एस.एम.सी.कडेच घडत राहिल्या. म्हणजे दोघींनीही आपापले मर्म झाकून हात मिळवला.

हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. या धंद्यातला प्रत्येक हात असाच पुढे आला आहे. १९८२ मध्ये गिऱ्हाइकाचे दडपण होते, १९८७ मध्ये जपानची धास्ती होती, २०१२ मध्ये यंत्राची किंमत होती आणि २०२५ मध्ये तैवानची चिंता व इंटेलची पडती बाजू. दडपण संपल्यावर ३८६ च्या वेळी करार मोडला आणि आय.बी.एम.चे समभाग विकले गेले. टिकले ते एकच नाते, जे कोणालाही एकट्याने तोडता येत नव्हते. इंटेल आणि ए.एम.डी. यांचे सामाईक हक्क पन्नास वर्षांच्या भांडणातही टिकले, कारण ते तोडणारा स्वतःही तहानेला मेला असता. एन्व्हिडिया व इंटेल यांच्यात असे नाते घडते की नाही, हे समभागांच्या संख्येवरून कळणार नाही. दोघींच्या अभियंत्यांनी मिळून घडवलेल्या चिपा बाजारात येऊन लोकांच्या पसंतीस उतरल्या, तरच ते कळेल.

आणखी एक कसोटी आहे, आणि ती आमच्या मते सर्वांत मोठी आहे. आय.बी.एम.ने जी अट घातली होती ती गिऱ्हाइकाच्या हिताची होती. तिने दुसरे दुकान उघडायला लावले. या नव्या सोयरिकीने दुसरे दुकान जगले, की दोन दुकाने मिळून एक झाले? इंटेल सावरून एन्व्हिडियाशी, ए.एम.डी.शी, टी.एस.एम.सी.शी पुन्हा झुंजू लागली, तर पाच अब्ज डॉलरनी स्पर्धा वाचवली असे इतिहास लिहील. इंटेल केवळ एन्व्हिडियाची पुरवठादार होऊन राहिली आणि ए.एम.डी.ला दोघींनी मिळून कोपऱ्यात रेटले, तर त्याच इतिहासात हा करार दुसऱ्या शब्दांत नोंदला जाईल.

आपल्या हाती या घडामोडींपैकी फारसे काही नाही. तरी मुलांसाठी नवा संगणक घ्यायला दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला एवढे अवश्य विचारा, की आतली चिप कोणाची, आणि दुसऱ्या कोणाची असलेला संगणक याच किमतीत मिळेल का? ‘दोन्ही आहेत, कोणता दाखवू?’ असे उत्तर तो देत आहे तोवर १९८२ ची ती अट अजून जिवंत आहे असे समजावे.